गोवा विद्यापीठात शिकताना पायी राहता येईल अशी वस्ती कशी निवडावी

गोवा विद्यापीठात प्रवेश मिळाला की खोली शोधणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो विद्यापीठापासूनच्या अंतराचा. एवढ्या एका प्रश्नावर घर ठरवलं की पुढची दोन वर्षं दूध, औषध, झेरॉक्स अशा प्रत्येक कामासाठी कुणाच्या तरी स्कूटरची वाट बघावी लागते. विद्यापीठ 1985 साली सुरू झालं आणि त्याचा परिसर ताळगावच्या पठारावर, चारशेहून अधिक एकर जागेत पसरला आहे. खाली झुआरीचं मुख दिसतं, वारा छान येतो. पण पुण्या-मुंबईत कॉलेजच्या फाटकासमोरच खानावळी, पुस्तकांची दुकानं आणि भाड्याच्या खोल्यांची गल्ली असते, तसं इथे काही नाही. फाटकाबाहेर पडलं की मोकळा रस्ता आणि उतार.

त्यामुळे इथे राहणाऱ्याला निवड करावी लागते. वर्गापर्यंत चालत जायचं, की बाकीचं सगळं आयुष्य चालत जगायचं? दोन्ही एकाच ठिकाणी क्वचितच मिळतं. माझं ठाम मत असं की, बाजार, औषधं, वाचनालय, मित्र आणि बसथांबा पायी गाठता येईल अशा वस्तीत राहावं आणि वर्गाला एका थेट बसने जावं. बसचा प्रवास दिवसातून दोनदाच होतो. घरातून बाहेर पडण्याची कामं मात्र दिवसभर निघत असतात. ज्यांना प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं, त्यांचं गणित वेगळं आहे, त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

आधी आठवडा कागदावर मांडा

खोल्या बघायला निघण्यापूर्वी एका कागदावर सोमवार ते रविवार लिहा आणि कुठे कुठे जावं लागणार ते मांडा. वर्ग किती वाजता सुरू होतो, किती वाजता संपतो. जेवण खोलीत करणार की खानावळीत. मासळी रोज लागते की रविवारी पुरते. शनिवारी घरी जाणार का, आणि जाणार तर कोणत्या बसने. संध्याकाळी अभ्यासाला बसण्याची जागा कोणती. नाटकाचं वेड आहे का, पोहायला किंवा धावायला जायचं का.

शनिवारच्या प्रश्नाचा विचार फार थोडे जण करतात. मराठी विभागात आणि इतरत्रही पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथली आणि सिंधुदुर्गातली मुलं बरीच असतात. त्यांतली कित्येक दर आठवड्याला गावी जातात. अशा मुलाला विद्यापीठाइतकंच पणजीचं कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानकही महत्त्वाचं असतं. सोमवारी पहाटे वाळपईहून निघून बॅग घेऊन स्थानकावर उतरलात आणि खोली दहा मिनिटांवर असली, तर सामान टाकून, तोंड धुऊन वर्गाला जाता येतं. खोली स्थानकापासून दूर दोनापावलाला असेल तर बॅग वर्गात जाते.

कागद भरला की प्रत्येक ठिकाणाजवळ आठवड्यातून किती वेळा जाणार ते लिहा. ज्या जागा चार किंवा त्याहून जास्त वेळा येतात त्यांच्याभोवती गोल करा. या गोल केलेल्या जागांच्या मधोमध घर शोधायचं आहे.

चालण्याचं माप मिनिटांत घ्या

सपाट रस्त्यावर सामान्य माणूस मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटरला बारा-तेरा मिनिटं. रोजच्या किराण्यासाठी पाच-सात मिनिटं, बसथांब्यासाठी तेवढीच, आणि वाचनालय किंवा मोठ्या बाजारासाठी वीस मिनिटं, एवढी मर्यादा बहुतेकांना वर्षभर झेपते. त्यापुढे गेलं की महिनाभर उत्साह टिकतो आणि मग पाय आपोआप स्कूटरकडे वळतात.

फोनवरच्या नकाशात दिसणारा वेळ सपाट जमिनीसाठी ठीक असतो. ताळगावातून पठारावर चढताना तो खोटा ठरतो. येताना उतार आहे म्हणून अंतर कमी भासतं. जाताना घामाने भिजून वर्गात बसावं लागतं. म्हणून कोणतंही अंतर चढणीच्या बाजूनेच मोजा.

वस्त्यांचा परिचय

ताळगाव गाव. विद्यापीठाच्या सर्वांत जवळची, खऱ्या अर्थाने नांदती वस्ती हीच. बाजार आहे, चर्चच्या आसपास जुनी घरं आहेत, मागच्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींत भाड्याच्या सदनिका मिळतात. सकाळी पोदेर (पाववाला) येतो, ताजे पाव-पोळी दारात मिळते. धडधाकट माणसाला इथून विद्यापीठ चालत गाठता येतं, पण शेवटचा टप्पा चढणीचा आणि बराचसा उघडा आहे. इथे घर बघताना मुख्य रस्त्यापासून किती आत जावं लागतं ते पाहा. शेतांच्या कडेला नव्या इमारती झाल्या आहेत. त्या दिसायला सुंदर असतात, पण तिथून दुकानापर्यंत येणाऱ्या अरुंद रस्त्याला कडेला पाय ठेवायला जागा नसते आणि गाड्या वेगात असतात.

सांतइनेज आणि टोंक. माझ्या मते दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी आलेल्या बहुतेकांना हाच पट्टा सर्वांत सोयीचा. पणजी शहर एका बाजूला, ताळगाव दुसऱ्या बाजूला. किराणा, औषधं, दवाखाने, बँका, शिंपी, धोबी, स्वस्त उसळ-पाव, सगळं पायाखाली. कांपालला आणि कला अकादमीला चालत जाता येतं. कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात मराठी नाट्यस्पर्धेचा प्रयोग बघून रात्री उशिरा बाहेर पडलात की बस जवळजवळ नसतेच, अशा वेळी पायी घरी जाता येणं किती मोलाचं आहे ते नाटकवाल्यांना विचारा. उणीव दोन. सांतइनेजची खाडी या भागातून वाहते. तिच्या अगदी लगतच्या इमारतींत दुर्गंधी आणि डास यांचा त्रास होऊ शकतो. आणि मुख्य रस्त्यावर गाड्यांची गर्दी सकाळ-संध्याकाळ फार. आतल्या गल्लीत, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, खाडीपासून थोडं दूर घर मिळालं तर सोडू नका.

मळा, भाटले, फोंतेन्हास, पाटो. दर शनिवारी गावी जाणाऱ्यांनी आधी इकडे बघावं. कदंब स्थानक पायी जवळ आणि पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. 1832 साली स्थापन झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. खोलीत गोंगाट असला की अभ्यासाला इथे जाऊन बसता येतं. शिवाय विद्यापीठाची बस स्थानकावरच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. मधल्या थांब्यावर चढणाऱ्याला ती मिळेलच असं नाही. फोंतेन्हासच्या गल्ल्या चालायला छान आहेत, पण तिथली बरीच घरं आता पाहुण्यांसाठी वापरली जातात. विद्यार्थ्याला वर्षभरासाठी खोली मिळणं कठीण, आणि दिवसभर खिडकीसमोर फोटो काढणारे उभे असतात. मळ्यात आणि भाटल्यात कुटुंबांची वस्ती अधिक आहे. मारुतीच्या देवळाकडच्या चढावरची घरं मला विशेष आवडतात: खाली दोन मिनिटांत दुकानं, वर आल्तिनो टेकडीची झाडी. मात्र मळ्याचा सखल भाग मोठ्या पावसात तुंबतो, त्याचं पुढे सांगतो.

मिरामार आणि करंजाळे. समुद्रकिनारा, मोकळी हवा, संध्याकाळचं फिरणं. मिरामार परिसरात महाविद्यालयं असल्यामुळे विद्यार्थ्यांची ये-जा असते आणि दोनापावलाकडे जाणाऱ्या बसगाड्या इथूनच जातात. भाडं मात्र समुद्राच्या जवळिकीचं घेतलं जातं. विद्यापीठ इथून साधारण पाच किलोमीटरवर, म्हणजे रोज चालण्याजोगं नाहीच. किनाऱ्यालगतच्या रांगेपेक्षा आतल्या बाजूला बघा. किराण्याची दुकानं तिकडेच आहेत आणि खाऱ्या वाऱ्याने सायकलची साखळीही लवकर गंजत नाही.

दोनापावला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम किंवा संशोधन असेल तर दोनापावला बरोबर, नाहीतर पायी जगणाऱ्याला सुनं वाटेल. बंगले, चढउतार, उंच कुंपणं, आणि रोजच्या वापराची दुकानं विरळ. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: ‘दोनापावला’ पाटी असलेली प्रत्येक बस विद्यापीठाच्या दारापर्यंत जातेच असं नाही. चढण्यापूर्वी वाहकाला विचारा.

बांबोळी. गोवा वैद्यकीय महाविद्यालय इथे असल्याने औषधांची दुकानं, चहा-जेवणाची सोय आणि वर्दळ आहे. ज्या घरात एकजण विद्यापीठात आणि दुसरा रुग्णालयात आहे, त्यांनी जरूर बघावं. पण राष्ट्रीय महामार्ग 66 या वस्तीला चिरत जातो. घर आणि थांबा किंवा दुकान महामार्गाच्या दोन बाजूंना असतील तर ते घर नको. शाळेच्या वेळी कुजिरा शाळा-संकुलाकडच्या गर्दीचाही हिशेब धरा.

सांताक्रूझ आणि मेरशी इथे भाडं तुलनेने परवडतं आणि गावपण टिकून आहे, पण विद्यापीठाला जायला बस बदलावी लागण्याची शक्यता जास्त. पर्वरीचा विचार पायी राहणाऱ्याने करू नये. मांडवी मध्ये येते आणि वस्ती महामार्गाभोवती वाढलेली आहे.

वसतिगृह आणि प्रयोगशाळेतली माणसं

रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सागरी विज्ञान अशा विषयांत संशोधन करणाऱ्यांना रात्री नऊ-दहापर्यंत थांबावं लागतं. त्यांनी परिसरातल्या वसतिगृहासाठी आधी अर्ज करावा. तिथे बाजार नाही, पण रात्री अंधाऱ्या पठारावरून जाण्याचा प्रश्न मिटतो, आणि तो प्रश्न खरोखर मोठा आहे. वसतिगृह न मिळाल्यास ताळगावातल्या बाजाराजवळ दोघातिघांनी मिळून सदनिका घ्यावी, म्हणजे परतताना सोबत असते.

तीन वेळा चालून बघा

दोन-तीन घरं पसंत पडली की पैसे देण्याआधी प्रत्येक घरापासून थांब्यापर्यंत, बाजारापर्यंत आणि परत असं स्वतः चाला. एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला. तेव्हा कळतं की पदपथावर स्कूटर लावलेल्या आहेत का, रस्ता ओलांडायला किती वेळ ताटकळावं लागतं, बस भरून येते का. दुसऱ्यांदा दुपारी दोनला, ऊन डोक्यावर असताना. एप्रिल-मेमध्ये पणजीत हवा इतकी दमट असते की सावली नसलेला अर्धा किलोमीटर छायेतल्या दीड किलोमीटरइतका थकवतो. कांपालचा वर्षावृक्षांखालचा रस्ता आणि पठारावरचा उघडा रस्ता एकाच दुपारी चालून पाहिलात तर हे शरीरालाच समजतं.

तिसऱ्यांदा रात्री साडेआठ-नऊला. मुलींनी ही फेरी मैत्रिणीबरोबर किंवा घरच्यांबरोबर जरूर करावी. दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का, कुत्र्यांची टोळी कुठे बसते, मधे लांब भिंत किंवा रिकामा प्लॉट आहे का. दिवे असूनही माणसं नसलेल्या रस्त्यापेक्षा कमी उजेडाची पण ओट्यावर माणसं बसलेली गल्ली मला अधिक सुरक्षित वाटते. त्या गल्लीतल्या दुकानदाराशी दोन शब्द बोला. इथे पाणी कसं येतं, पावसात रस्ता कसा होतो, शेवटची बस किती वाजता, हे दलालापेक्षा तो खरं सांगेल.

गोव्यात रात्री आठनंतर बसगाड्या झपाट्याने कमी होतात आणि रविवारी दिवसाही विरळ असतात. अशा वेळी पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सी, कामी येतो. जवळचा पायलटांचा थांबा कुठे आहे ते पाहून ठेवा आणि बसण्याआधी भाडं ठरवा.

पावसाळ्याची परीक्षा

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर्ग सुरू होतात तेही याच सुमारास. उन्हाळ्यात कोरडं पाहिलेलं घर पावसात वेगळंच असतं, म्हणून शक्य असेल तर घर जूनच्या शेवटी बघा.

पणजीचा सखल भाग दलदल आणि खाजण (भरतीच्या पाण्याची खारजमीन) भरून वसवलेला आहे. 1843 मध्ये राजधानी इथे आली आणि शहर नदीकाठच्या या जमिनीवर पसरत गेलं. त्यामुळे मांडवीला भरती असताना गटारांचं पाणी नदीत उतरत नाही, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस झाला तर 18 जून रस्ता, मळा आणि रुआ द ओरें या रस्त्याच्या आसपास पाणी साचतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे जास्त होतं. अशा भागात घर घ्यायचं तर तळमजला नको, आणि दाराची पायरी रस्त्यापेक्षा किती उंच आहे ते बघा. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला ओलाव्याची रेघ असेल, किंवा खालच्या हातभर भागालाच नवा रंग दिला असेल, तर शेजाऱ्यांना मागचा पावसाळा कसा गेला ते विचारा.

रस्त्याचंही बघा. गटारांवरच्या फरशा हलतात का, चढावर शेवाळ धरतं का. पठारावर आणि दोनापावलाला वारा इतका असतो की छत्री उलटी होते. तिथे रेनकोट आणि जाड तळव्याच्या सँडल लागतात. खोलीत समुद्राकडच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट टेकवू नका, बुरशी येते. नैर्ऋत्येकडून पाऊस मारतो, त्या बाजूच्या खिडकीला छज्जा आहे का ते पाहा. कपडे वाळवायला झाकलेली जागा नसेल तर जुलैत रोज ओलसर कपडे घालावे लागतात.

पाण्याचा साठाही तपासा. पणजीला पाणी खांडेपारच्या ओपा प्रकल्पातून येतं. ऑगस्ट 2019 मध्ये तिथली मोठी जलवाहिनी फुटली तेव्हा तिसवाडीत, म्हणजे पणजीच्या तालुक्यात, कित्येक दिवस नळ कोरडे होते. इमारतीला जमिनीखालची टाकी आहे का, विहीर आहे का, पाणी दिवसातून किती वेळ सोडतात, हे आधी विचारून घ्या.

भाडं आणि करार

जून-जुलैत पर्यटक कमी असतात म्हणून भाडं उतरलेलं असतं. काही घरमालक विद्यार्थ्यांना तेवढ्यापुरती जागा देतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, परीक्षा तोंडावर असताना, पाहुण्यांसाठी ती रिकामी करायला सांगतात. किनाऱ्याजवळ आणि फोंतेन्हासमध्ये हा धोका जास्त. म्हणून करार निदान अकरा महिन्यांचा करा आणि डिसेंबर-जानेवारीतही भाडं तेवढंच राहील हे त्यात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका, समोरची व्यक्ती कितीही ओळखीची असली तरी. अनामत रक्कम किती, ती कधी परत मिळणार, रंगकाम कुणी करायचं, वीजबिल कुणाच्या नावावर, दलाली एकदाच की नूतनीकरणालाही, हेही लेखी हवं. पोलिस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज घरमालकाने द्यायचा असतो. तो देण्याची टाळाटाळ करणाऱ्या मालकाकडे राहू नये.

दोन घरांची तुलना करताना नुसतं भाडं समोरासमोर ठेवू नका. लांबच्या स्वस्त खोलीच्या भाड्यात स्कूटरचा हप्ता किंवा मासिक भाडं, पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि रात्रीच्या पायलटचे पैसे मिळवा. जवळच्या महाग खोलीच्या भाड्यात कदंबचा विद्यार्थी पास मिळवा. असा हिशेब केला की सांतइनेजची खोली बऱ्याचदा मेरशीपेक्षा महाग उरत नाही. घरी आई-वडिलांना समजावायलाही हा कागद उपयोगी पडतो, कारण त्यांना भाड्याचा आकडा तेवढा दिसतो.

आई-वडील किंवा मूल बरोबर असेल तर

प्राध्यापक म्हणून रुजू होणारे किंवा कुटुंबासह येणारे संशोधक यांनी माप बदलावं. सत्तर वर्षांच्या माणसाला मिनिटाला 80 मीटर जमत नाही, पन्नासेक धरा. त्यांच्यासाठी देऊळ, बाकडी असलेली बाग आणि दवाखाना हे तिन्ही रस्ता न ओलांडता किंवा एकदाच ओलांडून गाठता यावेत. या दृष्टीने मिरामार-करंजाळ्याचा आतला भाग आणि कांपाल-सांतइनेजची शहराकडची बाजू चांगली. आल्तिनो शांत आणि हिरवं आहे, पण खाली बाजारात उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला पिशवी घेऊन परत चढता येत नाही. लिफ्ट असल्याशिवाय दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका, आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का ते मालकाकडून नव्हे, इमारतीच्या रखवालदाराकडून जाणून घ्या.

घर पक्कं झालं तरी पहिला महिना स्कूटर विकत घेऊ नका. आधी कदंबचा पास काढा, बसच्या वेळा स्वतः टिपून दाराच्या मागे लावा, किराणावाल्याकडे आणि पोदेराकडे ओळख करून घ्या. महिनाअखेरीस सुरुवातीचा कागद पुन्हा काढा आणि गोल केलेल्या जागांपैकी कुठे पायी जाणं जमलं नाही त्यावर खूण करा. एखादीच खूण असेल तर जुनी सायकल पुरते. तीन-चार असतील तर अकरा महिने संपण्याची वाट न बघता त्याच पट्ट्यात दुसरी खोली शोधायला लागा. दसऱ्यानंतर चांगल्या खोल्या हाती लागणं अवघड होतं.